श्रीनिचा काळा एडिटर

सोम., ३ नोव्हें.

पुण्याच्या कंपनीचा नव्या कामाला होकार आला. अट एकच, पण नेमकी श्रीनिच्या वर्मी लागणारी. काम करणाऱ्या सगळ्यांनी त्यांचाच आयडीई, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, वापरायचा, त्यांच्याच सेटिंगसह, म्हणजे कोड कुणीही लिहिला तरी दिसायला सारखा. मी फोनवर ‘हो हो, आम्ही तोच वापरतो’ म्हणून मोकळी झाले. मी वापरते. अमृता वापरते. श्रीनि वापरत नाही, आणि या ऑफिसातला अर्ध्याहून जास्त कोड श्रीनिचा आहे.

संध्याकाळी त्याला सांगितलं. चहा अर्धा ठेवून गेला. श्रीनिनं चहा अर्धा ठेवणं म्हणजे दुसऱ्यानं ताट भिरकावण्याइतकं समजायचं.

आज पाणी यायचं होतं, आलं नाही. घरी आमची अव्वा, म्हणजे आई, दिवसभर नळापाशी.

मंगळ., ४ नोव्हें.

वाद झाला. झाला ते बरं.

त्याचा एडिटर म्हणजे काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मेनू नाही, बटण नाही, काही नाही. माउस त्यानं ड्रॉवरमध्ये टाकलाय, सुतळीच्या गुंड्याशेजारी. नवी पेठेतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवत होतो तेव्हापासून तो तेच वापरतो. मीही तेव्हा तेच वापरायचे. अशोक चौकात सुताच्या दुकानावर या दोन खोल्या घेतल्या, तेव्हा पहिलं काम, नरसय्याशेठच्या टॉवेल कारखान्याचं, आम्ही दोघांनी शेजारी बसून त्याच काळ्या पडद्यावर लिहिलं. मग मी बदलले. आयडीईत चूक झाली की खाली लाल रेघ येते, अर्धा शब्द टाइप केला की उरलेला तोच पुरवतो, एखादी गोष्ट कुठे कुठे वापरलीय ते एका क्लिकवर. वय झालं, आता सगळं डोक्यात कोण ठेवणार.

श्रीनि म्हणाला, “अक्का, ह्यो लई बोलतोय. मी विचार करायलो तर मधीच शब्द पुढं करायलाय.”

अमृता मध्ये पडली. ती कुर्डुवाडीहून रोज रेल्वेनं येते, नवरा तिकडे वर्कशॉपला. म्हणाली, सर, तुमच्या डोक्यात कोड असतो, माझ्या डोक्यात घरचा स्वयंपाक. लाल रेघ दिसली की मी सुटते, नाही तर माझी गाडी चुकते. श्रीनि हसला. तिचं त्याला पटलं. माझं पटलं नाही, कारण मी पटवत नव्हते, हुकूम सोडत होते. हे आता लिहिताना कळतंय.

सोम., १० नोव्हें.

श्रीनिनं आज आयडीई उघडला. बोटांना जुनी सवय. त्याच्या एडिटरात दोन बटणं दाबली की ओळ खोडली जाते, इथं तीच दाबली तर भलतंच काहीतरी झालं, अर्धी फाइल गायब. अमृता हसली, मी तर खोखो. तोही हसला, जरा उशिरा.

हसायला नको होतं. इतक्या वर्षांत त्याला कीबोर्डवर चाचपडताना मी पाहिलेलं नव्हतं. क्लासमध्ये पोरं त्याच्या मागे उभी राहून नुसती बोटं बघायची.

बुध., १२ नोव्हें.

तोडगा. पुण्याचं काम आयडीईत. नरसय्याशेठचं काम श्रीनिनं त्याच्या काळ्या एडिटरातच करावं. मी उदार वगैरे झाले. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा हायसं दिसलं.

जाताना एक सांगून गेला. कारखान्याच्या लेबलांची एक साधी मजकुराची फाइल आहे. टॉवेलच्या गठ्ठ्यावर चिकटवायची लेबलं तिच्यातून छापली जातात: रंग, माप, नग. प्रत्येक गोष्ट ठरलेल्या रकान्यात, म्हणून शब्द लहान असला की पुढं मोकळी जागा भरून ठेवलेली. ओळीच्या शेवटीसुद्धा. आयडीईला अशा शेवटच्या मोकळ्या जागा कचरा वाटतात, सेव्ह करताना तो त्या झाडून टाकतो. तुम्ही ती कधी उघडाल, तर त्या फाइलला तेवढं वगळा, म्हणाला, सेटिंगमध्ये एक ओळ घालावी लागेल. मी म्हटलं, करते.

शुक्र., २१ नोव्हें.

पुण्याच्या सेटिंग आल्या. श्रीनि आज सुट्टीवर, मावसबहिणीचं लग्न. बसवल्या. पुण्याच्या कामाला बसवल्या आणि बघतच राहिले, काय देखणं दिसायला लागलं सगळं. एका मापात. मग म्हटलं, हात लागलाच आहे तर जुनंही करून टाकू. माझं असंच. फडकं हातात आलं की शेजारणीची खिडकीसुद्धा पुसून येईन.

‘सगळं नीट करा’ असं एक बटण आहे. दाबलं. शेठच्या कामाच्या साऱ्या फाइली एका दमात सरळ झाल्या. सेव्ह करून, सर्व्हरवर सगळ्यांसाठी, कारखान्यासाठीसुद्धा, चढवून, ऑफिसला कुलूप लावून घरी. खूप दिवसांनी काहीतरी पुरं केल्यासारखं वाटलं. अव्वानं शेंगाची चटणी कुटली होती, भाकरीशी तीन वेळा घेतली.

सोम., २४ नोव्हें.

श्रीनि आला, मशीन चालू केलं आणि एकेक फाइल उघडून वरखाली करत राहिला.

“अक्का, माझं कुटं गेलं?”

म्हटलं, कुठं जाईल, सगळं जागेवर आहे, फक्त रूप बदललंय. तो कोड हातानं लावायचा. बरोबरची (=) चिन्हं एकाखाली एक, दर आणि डिझाइन सरळ रांगेत, कारखान्याच्या भिंतीवर जसा तक्ता टांगलेला असतो तसंच पडद्यावर. त्यामुळे एखादा आकडा चुकला तर वाचायच्या आधी डोळ्याला खटकायचा. ती रांग मोडली होती. आयडीईच्या मते ती उगाच सोडलेली जागा.

मग त्यानं दुसरं दाखवलं. प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची कुणी लिहिली त्याचं नाव येतं. सगळीकडे उमा. उमा, उमा, उमा. एका बटणानं मी प्रत्येक ओळीला हात लावला होता, म्हणून प्रत्येक ओळ माझी.

“ह्यात आता मी न्हाईच की.”

मी काय म्हणाले? म्हणाले, तुला काय प्रत्येक ओळीवर सही पाहिजे का.

असं का बोलते मी. तोंडातून गेलं तेव्हाच कळलं, तरी वर आणखी एक वाक्य बोलले, की कामाला नाव लागत नाही. त्यानं मान हलवली आणि कानात हेडफोन घातले. तो कधीच गाणी ऐकत काम करत नाही.

शनि., २९ नोव्हें.

नरसय्याशेठच्या कारखान्यातून फोन. लेबलं चुकली. मोठ्या टॉवेलच्या गठ्ठ्यावर नॅपकिनचं माप, रंगाच्या जागी नग. ट्रक भरून झाल्यावर एका बाईच्या लक्षात आलं. सगळा माल उतरवला. उद्या रविवारी पॅकिंगच्या बाया बोलावून पुन्हा लेबलं लावणार. शेठनी दोघांना बोलावलंय.

रवि., ३० नोव्हें.

हे नीट लिहून ठेवते, कारण उद्या मी ते माझ्या सोयीनं आठवेन.

अक्कलकोट रोडवरचा कारखाना. बाया जमिनीवर बसून जुनी लेबलं नखांनी खरवडत होत्या. शेठ ओरडले नाहीत. खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मला विचारलं, मॅडम, हे कशानं झालं?

मी म्हणाले, “ती फाइल श्रीनि बघतो. तो अजून जुन्या एडिटरमध्ये सगळं हातानं लिहितो.”

दोन्ही वाक्यं खरी. मुद्दाम खोटं बोलले असते तर निदान जीभ अडखळली असती. ही वाक्यं गुळगुळीत बाहेर पडली.

श्रीनिचे वडील या शेठकडे आयुष्यभर मागावर होते. त्यांना तो नायना म्हणतो. त्याच शेडमध्ये तो लहानपणी डबा घेऊन यायचा. शेठ त्याच्याकडे वळले आणि तेलुगूत बोलायला लागले, हळू, एकामागून एक. मला तेलुगू येत नाही. श्रीनि खाली बघून उभा होता, मग एवढंच म्हणाला, “नादे तप्पु.” तप्पु आमच्या कन्नडातही चूकच. माझीच चूक, असं तो म्हणाला, आणि ते मला कळलं, आणि मी पाण्याचा ग्लास उचलून प्यायले.

परत येताना श्रीनिच्याच गाडीवर मागे बसले होते.

सोम., १ डिसें.

मीच केलं.

सकाळी लेबलांची फाइल आयडीईत उघडली, श्रीनिनं काय चुकवलंय ते शोधायला. रविवारची लेबलं जिच्यातून छापली ती त्याच्याकडची जुनी प्रत घेतली होती, तिच्यात मोकळ्या जागा बरोबर. काही बदललं नाही, सवयीनं सेव्ह दाबलं. डोळ्यांदेखत ओळींच्या शेवटची जागा गेली. ओळी आखूड झाल्या, म्हणजे छापताना पुढच्या ओळीतलं मागच्या रकान्यात सरकणार.

त्या दिवशी एका बटणात हेच झालं होतं. ‘करते’ म्हटलेली एक ओळ मी घातलीच नव्हती.

श्रीनि समोर बसला होता. माझ्या खुर्चीपासून त्याच्या खुर्चीपर्यंत अमृताचं टेबल, बस. मी त्याला हाक मारली नाही. आधी ती एक ओळ सेटिंगमध्ये घातली. फाइल नीट केली. मग चहा मागवला. मग अमृताची गाडीची वेळ झाली. मग तो गेला.

गुरु., ४ डिसें.

आज सांगायचं ठरवलं होतं. पुण्याचा फोन दिवसभर.

शनि., ६ डिसें.

आज सुट्टी घेतली. सिद्धेश्वर तळ्यावर अव्वाला घेऊन गेले. तिनं देवळात विचारलं, श्रीनि आला नाही बरेच दिवस जेवायला, भांडलात का. मी म्हटलं, काम आहे. ती म्हणाली, ‘सुळ्ळ हेळब्याड’, म्हणजे खोटं बोलू नकोस. देवळाच्या पायरीवर असं कुणाला म्हणतात का. पण आईच ती.

घाबरते कशाला मी? तो ओरडणार नाही. तो कधी ओरडला नाही. त्याचीच भीती वाटतेय बहुतेक. ओरडला असता तर मीही ओरडले असते, आणि फिटंफाट म्हणून दोघं इडली खायला गेलो असतो.

सोम., १५ डिसें.

श्रीनिनं आज सांगितलं. हैदराबादच्या एका कंपनीत काम मिळतंय, घरूनच करायचं. महिनाअखेरपर्यंत इथलं आवरून जातो.

मी विचारलं, तिथं एडिटर कुठला? काय प्रश्न. माणूस जातोय आणि मी हे विचारते. तो म्हणाला, ज्याला जो पाहिजे तो, त्यांना फक्त काम दिसतं.

अमृता बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिला वाटलं तिच्यामुळे. सांगितलं तिला, तुझ्यामुळे नाही. ‘मग कुणामुळं मॅडम?’ असं तिनं विचारलं नाही, पण उभी मात्र तशीच राहिली.

शनि., २० डिसें.

सांगितलं.

अमृता लवकर गेली होती. तो वायरी गुंडाळत होता. मी म्हटलं, श्रीनि, लेबलांचं माझ्यामुळे झालं. तू सांगितलेली ओळ मी घातली नाही, आणि सगळं सरळ करायचं बटण दाबलं.

तो म्हणाला, “म्हायतंय की.”

कधीपासून? त्याच शनिवारपासून. फोन आल्या आल्या त्यानं बघितलं होतं. म्हणजे कारखान्यात उभं राहून ‘नादे तप्पु’ म्हणाला तेव्हा त्याला ठाऊक होतं. मी शेठना ती दोन गुळगुळीत वाक्यं ऐकवली तेव्हाही ठाऊक होतं.

मग बोललास का नाहीस, म्हणून मी जवळजवळ त्याच्यावरच चिडले. त्यानं वायर खाली ठेवली.

“तुमी बोलाल वाटलं, अक्का. त्या दिवशी न्हाई तर दुसऱ्या दिवशी. मी वाट बघायलो.”

मी त्या सोमवारी सेव्ह दाबताना त्यानं माझ्याकडे पाहिलं होतं का? पडदा त्याच्याकडून दिसतो. दिसत असणार.

रडले. त्याच्यासमोर नाही, तो गेल्यावर, पुसायच्या फडक्यात तोंड घालून. फडक्याला प्रिंटरच्या शाईचा वास.

सोम., २२ डिसें.

थांब म्हटलं. काळा एडिटर ठेव, पुण्याचं काम नको, मी अट मोडते, असं सगळं म्हटलं. तो म्हणाला, एडिटरचं काही न्हाई अक्का, आयडीईपण शिकलो असतो की. आणि खरंच, त्याच्या मशीनवर मी पाहिलं, त्यानं आयडीईत आपली जुनी बटणं बसवून घेतली होती. अशी सोय असते. मला माहीत नव्हती. तो स्वतः शोधून गुपचूप शिकत होता, मी त्याला हसले त्या आठवड्यापासून.

हे मला आधी कळायला हवं होतं. विचारलं असतं तर कळलं असतं.

बुध., ३१ डिसें.

शेवटचा दिवस. कुणी हार आणला नाही, भाषण नाही, त्याचं त्यालाच आवडलं नसतं. कुठली फाइल कुठं आहे ते तो अमृताला दाखवत होता, शांतपणे, क्लासमध्ये शिकवायचा तसं. जाताना माझ्या पाया पडला. मी मोठी, म्हणून दर दिवाळीला पडतो तसाच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्र., ९ जाने.

शेठच्या कामात डिझाइनचा एक नवा दर घालायचा होता. रकाने मोडलेत, आकडा कुठं घालायचा ते शोधायला मला अर्धी सकाळ लागली. त्याच्या रांगेत तो डोळे मिटून सापडला असता.

अमृतानं आज एक सांगितलं. ओळींसमोर नावं दाखवताना एखादा बदल धरू नको असं सांगता येतं. म्हणजे माझा तो एका बटणाचा बदल वगळा म्हटलं की खाली दबलेलं श्रीनिचं नाव पुन्हा वर येईल. छोटंसं काम. सहीची थट्टा करायच्या ऐवजी त्या सोमवारी हे शोधलं असतं तर.

तर, तर, तर.

बुध., १४ जाने.

संक्रांत. गड्ड्याची जत्रा भरलीय, होम मैदानाकडून सगळी गर्दी, पार्क चौकात रिक्षा मिळेना. दरवर्षी श्रीनि घरच्यांना घेऊन आमच्याकडे तिळगूळ द्यायला यायचा. आज फोनवर एक चित्र आलं, तिळगूळ घ्या गोड बोला, सगळ्यांना पाठवतात तसलं. अव्वानं त्याच्या वाटणीचे लाडू डब्यात काढून ठेवलेत. मी म्हटलं, येणार नाही तो. डबा तिनं तसाच ठेवला.

सोम., १९ जाने.

शेठकडे जाऊन आले. एकटी.

आठवडाभर मनात घोळत होतं. श्रीनिला सांगून झालं, पण ज्याच्यापुढं त्याची मान खाली गेली त्याला कुठं सांगितलंय. शेठनी पुन्हा खुर्ची, पुन्हा पाणी. मी सगळं सांगितलं, बटणापासून ते त्या दोन वाक्यांपर्यंत. वाटलं होतं, ते रागावतील, मग बरं वाटेल.

शेठनी टेबलावरची टाचणी फिरवली. मग म्हणाले, “मॅडम, तो म्हणला माझी चूक. तुमी म्हणता तुमची. मग माझ्यासमोर खोटं कोण बोललं?”

मी म्हटलं, तो मला सांभाळून घेत होता. ते म्हणाले, मला सांभाळून घेणारा नको, खरं सांगणारा पाहिजे. त्याच्या बापानं मला आयुष्यात एकदा फसवलं नाही. आणि उठले. बाहेर सोडायला नेहमी दारापर्यंत येतात, आज आले नाहीत.

तरी हलकं वाटलं. येताना साखर पेठेतून लाडू घेतले, कशाला कोण जाणे.

मंगळ., २० जाने.

हलकं वाटलं ते एक रात्रच.

श्रीनिचा फोन. काल शेठनी थेट नायनांना फोन लावला, तुझा पोरगा माझ्यापुढं खोटं बोलला म्हणून. म्हातारे जेवले नाहीत. चुकीचं त्यांना काही नव्हतं, चूक माणसाकडून होते असं तेव्हाच म्हणाले होते, पण खोटं? त्या शेठपुढं?

पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला ऐकला.

“मला इचारायचं तरी होतंत, अक्का. तुमी परत तेच केलंत. सगळं एकदम, आन मला न इचारता.”

मी म्हटलं, मला तुझं नाव साफ करायचं होतं. तो म्हणाला, तुमाला तुमचं ओझं उतरवायचं होतं. फोन ठेवला.

खरं आहे. तेच बटण मी पुन्हा दाबलं.

शुक्र., २३ जाने.

काही करायचं नाही असं ठरवून बसणं मला जमत नाही, हे अव्वालाही ठाऊक आहे. नायनांकडे जाऊन बोलू? शेठना पुन्हा भेटू? पुण्याचं काम सोडून देऊ? प्रत्येक गोष्टीला उठते आणि पुन्हा बसते. अमृता म्हणाली, मॅडम, तुमी सरांना काय पायजे ते इचारलाव का कधी? तिच्या तोंडून ऐकायला राग आला. मग नाही आला.

मंगळ., २७ जाने.

अमृताच्या मदतीनं तो बदल वगळायची तयारी केलीय. मशीनवर फक्त माझ्यापुरतं करून पाहिलं. ओळींसमोर श्रीनिचं नाव आलं. पानभर. मधूनमधून माझं, जुनं, त्या काळ्या पडद्यावरच्या दिवसांतलं. शेजारी बसून लिहिलेलं एक पान तर असं की एक ओळ त्याची, एक माझी. विसरलेच होते मी. त्याच्या रांगाही जुन्या प्रतीतून परत आणता येतील, जरा वेळ जाईल.

त्याच्या घरच्या मशीनवर हे अजून उघडतं; आज करून टाकलं असतं तर उद्या त्याला दिसलं असतं. चढवायच्या बटणावर बोट होतं. उचललं.

बुध., २८ जाने.

दुपारी त्याला फोन केला. उचलेल वाटलं नव्हतं. मागे गल्लीतल्या कुणाच्या तरी मागाचा खडखडाट, म्हणजे घरीच होता.

म्हटलं, काही सांगायला नाही केला, विचारायला केलाय. तुझ्या ओळी पुन्हा तुझ्या नावानं दिसतील, रांगाही लावता येतील. करू का?

मला मध्येच बोलायची खोड आहे, पण तोंड मिटून बसले. माग चालू होता, बंद झाला, पुन्हा चालू झाला.

“मी आलो तर मी करीन. न्हाई आलो तर राहू द्या हाय तसं.”

नायना कसे आहेत विचारलं. जेवायलेत, म्हणाला. कधी कळवशील, तर म्हणाला, सांगतो की. त्या ‘की’त हो होतं का नाही, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी अमृता गाडीला निघाली. श्रीनिची फाइल माझ्या पडद्यावर तशीच उघडी होती, मोडलेल्या रांगांची. बंद करू का मॅडम, तिनं विचारलं. राहू दे म्हटलं.